ऑर्डर सोमवारची की मंगळवारची? : लॅपटॉप, सामाईक सर्व्हर आणि विश्लेषकांची टीम

मंगळवारी पहाटे दोन वाजता कोणीतरी मोबाइलवरून मिक्सर मागवतो. विक्रीचा रोजचा अहवाल तयार करणारी विश्लेषक आपल्या लॅपटॉपवर कोड चालवते, तेव्हा ही ऑर्डर मंगळवारच्या खात्यात पडते. तिचा सहकारी तोच कोड टीमच्या सर्व्हरवर चालवतो, तर ती सोमवारी जाऊन बसते. दोघांच्या कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नाही. फरक घड्याळांचा आहे. लॅपटॉप भारतीय प्रमाणवेळेवर चालतो, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक ऑर्डर अशी तळ्यात-मळ्यात करत राहते. महिन्याच्या बेरजेत हा फरक बहुतांशी बुजून जातो, त्यामुळे लवकर ध्यानातही येत नाही. सोमवारच्या सवलतीने विक्री किती वाढली हे मोजायला बसले की मग तो डोके वर काढतो.

विश्लेषण करणाऱ्या टीमने काम करायचे कुठे, आपापल्या लॅपटॉपवर की सगळ्यांनी मिळून एका सर्व्हरवर, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन सोयीचा वाटतो. त्याच्या पोटात मात्र निदान चार प्रश्न आहेत. डेटा राहतो कुठे, कोड चालतो कुठे, पॅकेजच्या आवृत्त्या ठरवतो कोण आणि बिल फाटते कोणाच्या नावावर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे चार धागे एकमेकांपासून बरेच सुटे झाले आहेत. वाद मात्र अजूनही ‘लॅपटॉप की सर्व्हर’ याच जुन्या नावाने घातला जातो.

पाळी लावून संगणक

सामाईक यंत्रात नवे काही नाही. नवलाई असलीच तर ती एकट्याच्या मालकीच्या यंत्राची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे अमेरिकी यंत्र आले. अशा यंत्रांच्या काळात आपला कार्यक्रम भोके पाडलेल्या कार्डांवर लिहायचा, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची, हीच रीत होती. एखादे कार्ड चुकले की पुन्हा रांगेत. या ताटकळण्याला उतारा म्हणून अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये ‘टाइम-शेअरिंग’ची पद्धत दाखवली. यंत्र एकच, पण ते क्षणाक्षणाला एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे वळते आणि प्रत्येकाला वाटते की ते आपल्याच दिमतीला आहे. आजच्या सामाईक सर्व्हरचे मूळ इथे आहे.

मग वारे उलटे वाहू लागले. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हा आकडेपत्रकाचा कार्यक्रम ॲपल टू वर आला, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी. हिशेब टेबलावर आला आणि संगणक विभागाची मनधरणी संपली. संख्याशास्त्रातही तेच घडले. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेल्या ‘आर’ या भाषेची १.० आवृत्ती २००० मध्ये निघाली. वेस मॅकिनी यांनी पायथनसाठी पांडाज या ग्रंथालयाचे काम २००८ मध्ये सुरू केले. ही साधने फुकट होती आणि साध्या संगणकावर चालत. विश्लेषकांची एक अख्खी पिढी त्यांच्यावर, म्हणजेच स्वतःच्या यंत्रावर, वाढली.

तिसरे वळण क्लाउडचे. ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याचे सर्व्हर द्यायला सुरुवात केली. पुढे बिगक्वेरी, रेडशिफ्ट, स्नोफ्लेक अशी डेटा वेअरहाउस आली. लॅपटॉपवरून फक्त एसक्यूएल पाठवायचे, दळण तिकडेच होते आणि परत येते ते पीठ. याच काळातल्या आरस्टुडिओ आणि ज्युपिटर या साधनांची रचना बोलकी आहे. लिहिण्याची खिडकी ब्राउझरमध्ये उघडू शकते आणि गणना करणारा भाग त्याच यंत्रावर असू शकतो किंवा हजार मैलांवर. साधने घडवणाऱ्यांनी पहिल्यापासून दोन्ही दगडांवर पाय ठेवले होते. तंटा उरला तो वापरणाऱ्यांचा.

लॅपटॉपच्या बाजूने

पहिला मुद्दा हाताच्या वेगाचा. विश्लेषण म्हणजे शंभर छोटे प्रयोग. आलेख काढायचा, चुकला की रंग बदलायचा, गट पाडायचे, पुन्हा काढायचा. प्रत्येक पावलाला नेटवर्कची ये-जा, व्हीपीएनचा रुसवा आणि दूरच्या ब्राउझरची सुस्ती आडवी आली की विचाराचा धागा तुटतो. डेक्कन क्वीनमध्ये बसून काम करणाऱ्याला बोरघाटातले बोगदे लागले की सर्व्हर गायब होतो, लॅपटॉपवरचे काम मात्र चालू राहते.

दुसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. नवे पॅकेज हवे तर बसवा, फसले तर काढा. त्यासाठी आयटी विभागात तिकीट टाकून तीन दिवस थांबावे लागत नाही. चूक झालीच तर तिची झळ एकट्यालाच बसते.

तिसरा मुद्दा ताकदीचा आणि इथे जुनी समजूत बरीच ढासळली आहे. ‘डेटा मोठा आहे, म्हणून सर्व्हर हवा’ हे वाक्य अनेक वर्षे वादाचा शेवट मानले जाई. २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी, मायकेल आयझर्ड आणि डेरेक मरे यांनी एक खट्याळ पण काटेकोर शोधनिबंध लिहिला. अब्जावधी दुव्यांच्या जाळ्यांवर पेजरँकसारखी गणिते करणाऱ्या, गाजावाजा झालेल्या वितरित प्रणाली त्यांनी घेतल्या आणि तेच काम एका साध्या, एकाच धाग्यावर चालणाऱ्या कार्यक्रमाने करून पाहिले. १२८ कोअर हाताशी असूनही काही प्रणाली त्या एकट्या धाग्याच्या मागे पडल्या. यंत्रे वाढवली की काम वाढते खरे, पण आधी यंत्रे सांभाळण्याचाच खर्च किती, हा त्यांचा प्रश्न होता.

२०१९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेतून डकडीबी हा डेटाबेस बाहेर पडला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही. तो विश्लेषकाच्याच प्रक्रियेत बसतो आणि कोट्यवधी ओळींची फाइल लॅपटॉपवर चाळतो. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलची एम१ चिप आली आणि लॅपटॉपच्या ताकदीबद्दलच्या अपेक्षा आणखी वर गेल्या. गूगलमध्ये बिगक्वेरीच्या उभारणीत असलेल्या जॉर्डन टिगानी यांनी २०२३ मध्ये ‘बिग डेटा मेला’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. बहुसंख्य ग्राहकांचा एकूण साठा एक टेराबाइटच्याही खाली होता आणि क्वेरी त्यातल्या अगदी थोड्या, ताज्या भागावरच फिरत, असे त्यांचे निरीक्षण. टिगानी आता डकडीबीवर उभ्या असलेल्या मदरडक या कंपनीचे प्रमुख आहेत, हे वाचताना लक्षात ठेवायला हवे. त्यांचे निरीक्षण तेवढ्याने खोटे ठरत नाही.

सर्व्हरच्या बाजूने

मे २००६ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागातील एका विश्लेषकाच्या मेरीलँडमधल्या घरी चोरी झाली. गेलेल्या वस्तूंत एक लॅपटॉप आणि एक बाह्य हार्ड डिस्क होती. त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची माहिती होती. नावे, जन्मतारखा, सामाजिक सुरक्षा क्रमांक. विश्लेषकाने कामासाठी डेटा घरी नेला होता, इतकेच. पुढच्याच महिन्यात यंत्र सापडले आणि माहिती कोणी उघडली नसावी असा निष्कर्ष निघाला, तरी सरकारला सामूहिक दाव्याच्या तडजोडीपोटी २ कोटी डॉलर द्यायला २००९ मध्ये कबूल व्हावे लागले.

सर्व्हरवाल्यांचा मुख्य युक्तिवाद हाच. वेग, मेमरी या गोष्टी नंतरच्या. डेटा एका जागी राहिला तर त्याला एकच दार असते. आत कोण आले, कोणते तक्ते उघडले, याची नोंद राहते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे खाते बंद केले म्हणजे झाले. लॅपटॉपवर उतरवून घेतलेल्या सीएसव्ही फायलींचा माग काढणे म्हणजे सांडलेला पारा वेचणे.

नव्या माणसाला कामाला लावण्याचा प्रश्नही खराच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात २०१५ पासून चालणाऱ्या डेटा सायन्सच्या पायाभूत अभ्यासक्रमात एकाच सत्रात शेकड्यांनी विद्यार्थी असतात. कोणाकडे विंडोज, कोणाकडे मॅक, कोणाकडे जेमतेम चालणारे क्रोमबुक. प्रत्येकाच्या यंत्रावर पायथन बसवायला घेतले असते तर पहिला पंधरवडा त्यातच गेला असता. तिथे ज्युपिटरहबवर सामाईक व्यवस्था आहे. दुवा उघडला की वही (नोटबुक) समोर.

आणि काही कामे लॅपटॉपवर मावतच नाहीत. पुण्याच्या आयुकात ‘सारथी’ हा संगणक समूह गुरुत्वीय लहरींच्या संशोधनासाठी वापरला जातो. लायगोसारख्या वेधशाळांच्या नोंदींतून लाटेचा मागमूस शोधायचा तर असंख्य नमुना-लहरींशी ताडून पाहावे लागते. तिथे लॅपटॉपचे काम सर्व्हरला निरोप देण्यापुरतेच. व्यवसायातही रात्रभर चालणारी कामे असतात आणि झाकण मिटले की झोपणाऱ्या यंत्रावर ती टाकता येत नाहीत.

एकच कोड, दोन उत्तरे

दोन्ही बाजूंमध्ये सर्वाधिक घासाघीस होते ती ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ या वाक्यावरून. ते ऐकून हसू येते, पण त्यामागची कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. कोड चालतच नाही, ही त्यातली सौम्य तक्रार. चालतो, पण उत्तर वेगळे देतो, ही खरी डोकेदुखी.

‘आर’चेच घ्या. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीत यादृच्छिक नमुना काढण्याच्या रीतीतला एक जुना दोष दुरुस्त झाला. दुरुस्ती योग्यच होती. पण त्यामुळे तोच ‘सीड’ दिला तरी ३.५ वर एक नमुना निघतो आणि ३.६ वर दुसरा. टीममध्ये दोघांकडे दोन आवृत्त्या असतील तर दोघांचा ‘तोच’ नमुना तोच नसतो. वर्षभराने ४.० आली आणि तिने मजकुराच्या स्तंभांना आपोआप ‘फॅक्टर’ करण्याची जुनी खोड सोडली. त्या खोडीवर विसंबलेला कोड इथे मोडला, तिथे मुकाट्याने वेगळा वागू लागला.

पायथनकडची गंमत आणखी निराळी. नमपायला पूर्णांकांची साधी यादी दिली तर लिनक्सवर आणि मॅकवर ती ६४ बिटांत साठवली जाई, विंडोजवर मात्र ३२ बिटांत. ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. व्यवहार पैशांत नोंदवले असतील तर सव्वादोन कोटी रुपयांच्या अलीकडेच ही मर्यादा येते आणि बेरीज चक्क उणे होऊन बसू शकते. नमपाय २.० ने जून २०२४ मध्ये हा भेद मिटवला. तोपर्यंत विंडोजचा लॅपटॉप आणि लिनक्सचा सर्व्हर यांच्यात ही फट होती.

मराठी डेटा हाताळणाऱ्यांच्या वाट्याला खास स्वतःचा एक प्रकार येतो. इंग्रजी विंडोजवर पायथन फाइल उघडताना, वेगळे सांगितले नाही तर, पश्चिम युरोपीय लिप्यांसाठीचा जुना संकेत वापरत आला आहे. लिनक्स सर्व्हरवर सहसा यूटीएफ-८ असतो. आता यूटीएफ-८ मध्ये लिहिलेली ग्राहकांची यादी विंडोजवर वाचायला घ्या. यादीत ‘प्राजक्ता’ असेल तर पायथन तिथेच अडतो, कारण जोडाक्षरातल्या हलन्ताचा एक बाइट त्या जुन्या संकेतात अस्तित्वातच नाही. यादीत नुसती ‘रमा’ असेल तर तो कुरकुरही करत नाही. ‘रमा’च्या जागी अगम्य चिन्हांची माळ वाचून पुढे जातो. जोडाक्षर इथे चक्क पहारेकऱ्याचे काम करते.

मग सर्व्हर हा उपाय म्हणावा काय? काही अंशी. सगळे एकाच यंत्रावर असले की निदान सगळ्यांना एकच उत्तर येते. पण सर्व्हरही कधीतरी अद्ययावत करावा लागतो. २०१८ मध्ये लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२८ आवृत्तीत अक्षरे लावण्याचा क्रम बदलला आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधले मजकुरावरचे जुने इंडेक्स अविश्वसनीय ठरू लागले. नोंद तक्त्यात आहे, पण शोधली तर सापडत नाही.

या विषयावर आकडेवारी देणारा एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये झाला. पिमेंतेल आणि सहकाऱ्यांनी गिटहबवरच्या १४ लाखांहून अधिक ज्युपिटर वह्या तपासल्या. त्यांपैकी सुमारे ८ लाख ६४ हजार चालवून पाहिल्या. २४.११ टक्के वह्या विनाचूक शेवटपर्यंत चालल्या आणि आधी नोंदलेलेच उत्तर पुन्हा देणाऱ्या निघाल्या अवघ्या ४.०३ टक्के. अडखळण्याची नेहमीची कारणे अशी: पॅकेज नाही, फाइल नाही, वहीतले चौकोन उलटसुलट क्रमाने चालवल्यामुळे एखादे नावच ठाऊक नाही. पहिल्या दोन कारणांवर सामाईक सर्व्हर थोडाफार उतारा देतो. तिसऱ्यावर देत नाही. ती सवय लॅपटॉपवर जशी असते तशीच सर्व्हरवरही जाते.

सामाईक विहिरीचे तंटे

सामाईक विहिरीवर कोणाचा किती हक्क, याची नोंद सातबाऱ्यावर होते आणि पाण्याची पाळी आपसात ठरते, तरी भांडणे होतातच. सर्व्हरचे तसेच आहे, फक्त पुष्कळदा सातबाराही नसतो आणि पाळीही नसते. पांडाज सगळा तक्ता मेमरीत ओढून घेते. एकाने मोठी फाइल उघडून तशीच ठेवली आणि जेवायला गेला की बाकीच्यांचे काम रखडते. मेमरी संपली की लिनक्स स्वतःच एखादी प्रक्रिया मारून जागा करतो आणि मरणारी प्रक्रिया दोषीचीच असेल अशी हमी नसते. कोणी पॅकेज अद्ययावत करतो आणि सकाळी चौघांचे अहवाल बंद पडलेले असतात. सामाईक फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_नवीन_हाच_वापरा’ अशी वंशावळ वाढत जाते.

संशोधन संस्थांनी यावर पूर्वीच पाळी लावली. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकांवर थेट येऊन काम सुरू करण्याची मुभा नसते. काम रांगेत टाकायचे, किती कोअर आणि किती वेळ हवा ते सांगायचे, पाळी आली की ते चालते. न्याय मिळतो, पण चटकन प्रयोग करून पाहण्याची मजा जाते. १९६४ च्या कार्डांची आठवण यावी इतकी.

सर्व्हर म्हणजे सुरक्षितता, हेही जपूनच म्हणायला हवे. जानेवारी २०१७ च्या शेवटच्या दिवशी गिटलॅबच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची निर्देशिका पुसली. नेहमीच्या बॅकअपच्या प्रती कामाला आल्या नाहीत आणि सुमारे सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने सगळा तपशील स्वतःहून जाहीर केला, म्हणून हे प्रकरण अभ्यासता येते. दोन खिडक्या, सारखीच काळी पाटी आणि चुकीच्या खिडकीत एक आज्ञा. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या क्लाउडमधल्या चुकीच्या मांडणीमुळे सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. लॅपटॉप चोरीला जातो तेव्हा त्यात जे असेल ते जाते. सर्व्हरचे दार उघडे राहिले तर सगळेच जाते.

कुंपण विरळ होते

२०१३ मध्ये डॉकर आले आणि कोडसोबत त्याचे सगळे बिऱ्हाड, म्हणजे भाषेची आवृत्ती, पॅकेजेस, घड्याळाची मांडणी, एका डब्यात बांधून नेता येऊ लागले. तोच डबा लॅपटॉपवर उघडा, तोच सर्व्हरवर. ॲपलच्या नव्या चिपांनी यात मध्येच एक खोडा घातला. एआरएम रचनेसाठी बांधलेला डबा नेहमीच्या इंटेल सर्व्हरवर जसाच्या तसा चालत नाही. दोन्हींसाठी बांधण्याची सोय आहे, पण ती आठवणीने करावी लागते.

मे २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड या संपादकासाठी दूरच्या यंत्रावर काम करण्याची विस्तारके जाहीर केली. अक्षरे लॅपटॉपवर टंकायची, कोड चालायचा सर्व्हरवर आणि हाताला फरक जेमतेम जाणवायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये गिटहबने सांगितले की त्यांचे स्वतःचे अभियंते मॅकवरची स्थानिक व्यवस्था सोडून क्लाउडमधल्या कोडस्पेसवर गेले आहेत. त्यांचे मुख्य भांडार जवळपास १३ जीबीचे, नुसते उतरवून घ्यायलाच २० मिनिटे लागत. क्लाउडमध्येही सुरुवातीला पूर्ण मांडणीला ४५ मिनिटे लागायची. आधीच बांधून ठेवलेल्या प्रतींमुळे तो वेळ १० सेकंदांवर आला. कोडस्पेस हा गिटहबचा विकाऊ माल आहे, तरी अनुभव तपशिलात दिलेला असल्याने उपयोगी आहे.

वेअरहाउसवर काम करणाऱ्या टीममध्ये डीबीटी या साधनाने वेगळी वाट रूढ केली. वेअरहाउस सगळ्यांचे एकच, पण प्रत्येकाला आपल्या नावाचा वेगळा कप्पा. विश्लेषक आपल्या कप्प्यात तक्ते बांधते, मोडते, पुन्हा बांधते. तपासणी झाली की कोड गिटमधून मुख्य प्रवाहात जातो. स्नोफ्लेकमध्ये तर अख्ख्या डेटाबेसची प्रत, मूळ साठा दुपटीने न वाढवता, क्षणात काढता येते. याला लॅपटॉप म्हणावे की सर्व्हर? प्रयोगाचा एकांत लॅपटॉपसारखा, डेटाचे ठिकाण सर्व्हरचे.

सगळ्यांत धिटाईचा प्रयोग आरोग्य क्षेत्रात झाला. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये बेन गोल्डेकर यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने इतरांसह ओपनसेफली ही व्यवस्था उभारली. संशोधक रुग्णांच्या खऱ्या नोंदी पाहतच नाही. त्याला बनावट, पण त्याच आकाराचा डेटा मिळतो आणि त्यावर तो आपल्या यंत्रावर कोड लिहितो. कोड सार्वजनिक होतो, नोंदी जिथे आहेत तिथे जाऊन चालतो आणि तपासलेले तक्तेच तेवढे बाहेर येतात. कोविडने होणाऱ्या मृत्यूंच्या जोखमीवरचा १ कोटी ७० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींचा त्यांचा अभ्यास त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये छापून आला. इथे लॅपटॉप आणि सर्व्हर ही एकाच कामाची दोन टोके झाली आहेत.

कायदा आणि बिल

भारतातल्या टीमना हा निर्णय आता नुसत्या सोयीवर घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा आदेश दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. डेटा देशात ठेवायला जागेची अडचण नाही. मायक्रोसॉफ्टचे पुणे केंद्र २०१५ पासून आणि ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून सुरू आहे. लॅपटॉप वापरू नका, असे कायदा कुठेही म्हणत नाही. डेटा कुठे कुठे पसरला आहे हे सांगता आले पाहिजे, ही अपेक्षा मात्र त्यातून येतेच आणि दहा लॅपटॉपवर दहा प्रती असल्या की ते सांगणे अवघड होते.

खर्चाचे गणित दोन्हीकडून मांडता येते. लॅपटॉप एकदा घेतला की घेतला, क्लाउडचे बिल दरमहा येते आणि वापरागणिक फुगते. बिगक्वेरीची ऑन-डिमांड आकारणी चाळलेल्या डेटावर होते. अमेरिकेतला दर टेबीबाइटमागे ६.२५ डॉलर. नवख्या विश्लेषकाला वाटते, आपण तर दहाच ओळी मागवल्या. पण साध्या तक्त्यावर ओळींची मर्यादा घातल्याने चाळलेला डेटा कमी होत नाही, निवडलेले स्तंभ पूर्ण वाचले जातात आणि बिल त्याचेच लागते. ३७सिग्नल्स या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडून स्वतःच्या यंत्रांवर परतण्याचे जाहीर केले. त्या वर्षीचा तिचा क्लाउडखर्च ३२ लाख डॉलर होता. मात्र यंत्रे सांभाळणारी तयार माणसे तिच्या पदरी आधीपासून होती.

दोन्ही बाजू ऐकल्यावर निर्णयाची कळ इथेच असावी असे वाटते. सर्व्हरची राखण कोण करणार? पॅच लावणारा, प्रती तपासणारा, भरलेली डिस्क रिकामी करणारा नेमका माणूस ठरलेला नसेल, तर तीन-चार जणांच्या टीमला सामाईक सर्व्हर हे ओझेच होते. डब्यात बांधलेला कोड, गिट आणि नावे-पत्ते काढलेला नमुना डेटा यांवर ती लॅपटॉपवर सुखाने काम करू शकते. उलट रुग्ण, खातेदार किंवा विद्यार्थी यांच्या कच्च्या नोंदी असतील तर टीम कितीही लहान असो, डेटा खाली उतरवण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

अजून अडलेले

नमुना डेटाचा प्रश्न सुटलेला नाही. बनावट डेटा फार साधा ठेवला तर खऱ्यातल्या गाठी त्यात येत नाहीत. जन्मतारखेच्या रकान्यात ०१-०१-१९०० लिहिलेली नोंद, दोनदा आलेला ग्राहक, ‘पुणे’ आणि ‘पूना’. फार हुबेहूब केला तर त्यातून खरी माणसे ओळखू येण्याचा धोका. मध्ये कुठे थांबायचे याचा सर्वमान्य मापदंड नाही.

दुसरी अडचण ताजी आहे. कोड लिहून तो स्वतःच चालवून पाहणारी एआय साधने विश्लेषकाच्या नावावर, त्याच्याच परवानग्यांनी काम करतात. लॅपटॉपवर त्यांना मोकळे सोडावे तर घरच्या फायली समोर, सर्व्हरवर सोडावे तर सगळ्यांचा डेटा समोर. त्यांच्यासाठी वेगळा, कुंपण घातलेला डबा हवा यावर बऱ्यापैकी एकमत दिसते. त्या डब्यात खरा डेटा किती जाऊ द्यायचा, यावर नाही.

तिसरी मोजमापाची. सर्व्हरवर गेल्याने वाचलेले दिवस दाखवता येतात, कारण मांडणीचा वेळ घड्याळावर मोजता येतो. परवानगीची वाट पाहताना न केलेले प्रयोग कुठेच नोंदले जात नाहीत.

आणि ती पहाटे दोनची ऑर्डर. सगळी टीम एका सर्व्हरवर, एका डब्यात, एकाच घड्याळावर आणली तर मतभेद संपतात. मिक्सर सर्वांच्या अहवालात एकमुखाने सोमवारी विकला जातो, जरी पुण्यात तेव्हा मंगळवार लागून दोन तास झाले असले तरी. विक्रीचा दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचा हे लेखा विभागाने सांगायचे असते आणि कित्येक ठिकाणी ते कोणी विचारलेलेच नसते.